खोट्या नाण्यातून खरा कौल

समजा, गल्लीतल्या क्रिकेटचा टॉस करायचा आहे आणि हाताशी एकच नाणे आहे, तेही खोटे. दहा वेळा उडवले तर सरासरी सात वेळा छापा. दोन्ही कर्णधारांना हे ठाऊक आहे. अशा नाण्याने न्याय्य कौल कसा घ्यायचा?

जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९५१ मध्ये याचा साधा तोडगा सांगितला. नाणे दोनदा उडवा. दोन्ही वेळा सारखेच पडले, तर ती जोडी सोडून द्या आणि पुन्हा दोनदा उडवा. आधी छापा मग काटा आला तर पहिला संघ जिंकला, आधी काटा मग छापा आला तर दुसरा. अशा १०० जोड्यांत सरासरी ४९ वेळा छापा-छापा येईल आणि ९ वेळा काटा-काटा. उरलेल्या ४२ जोड्यांत मात्र २१ छापा-काटा आणि २१ काटा-छापा. नाणे खोटे असले तरी कौल खरा!

पण नाण्याची प्रत्येक फेक आधीच्या फेकीपासून स्वतंत्र असेल तरच ही युक्ती चालते. व्यवहारात तशी शाश्वती नसते. उदाहरणार्थ, संगणकाला माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्या तयार करायला कुणालाही ओळखता येणार नाहीत असे आकडे लागतात. त्यासाठी तो कळफलकावर बोटे पडण्याच्या वेळा आणि यंत्रातला विद्युत गोंगाट अशा गोष्टी गोळा करतो. हा कच्चा माल गढूळ असतो, त्यात योगायोगाचा अंश किती आणि कुठे हे सांगता येत नाही. तो अंश कमी पडला की काय होते, ते २०१२ मध्ये जगाला दिसले. इंटरनेटला जोडलेल्या हजारो उपकरणांच्या सार्वजनिक किल्ल्यांमध्ये सामाईक घटक सापडले आणि त्यामुळे त्यांच्या गुप्त किल्ल्या उघड्या पडल्या.

या गढूळ मालातून शुद्ध योगायोगाचा अर्क काढण्याची एक अतिशय सुंदर रीत ज्यांनी शोधली, त्या इटालियन संगणकशास्त्रज्ञाची ही ओळख. त्यांचे नाव लुका त्रेविझान.

२१ जुलै १९७१ रोजी रोममध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षण तिथल्याच सापिएन्झा विद्यापीठात झाले. पिएरलुईजी क्रेशेन्झी यांच्या मार्गदर्शनाखाली १९९७ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि ते अमेरिकेत एमआयटीला गेले. त्यांचे क्षेत्र होते संगणकशास्त्राची सैद्धांतिक शाखा. कोणते प्रश्न संगणक झटपट सोडवू शकतो, कोणते मुळातच कठीण आहेत आणि ते कठीण का आहेत, याचा कागद-पेन्सिल घेऊन शोध घेणारी ही शाखा आहे.

या शाखेत त्या वेळी दोन कामे शेजारी शेजारी चालली होती. पहिले काम अर्क काढण्याचे. गढूळ पण लांबलचक आकड्यांची माळ घ्यायची, तिच्यात शुद्ध योगायोगाचे छोटेसे विरजण घालायचे आणि मोठी, जवळजवळ शुद्ध माळ मिळवायची. अशा कृतीला 'एक्स्ट्रॅक्टर' म्हणतात. विरजणाशिवाय गत्यंतर नाही, कारण सगळ्या प्रकारच्या गढूळ मालाला पुरेल अशी ठरीव कृती अस्तित्वातच असू शकत नाही, हे आधीच सिद्ध झाले होते.

दुसरे काम वेगळ्या जातीचे. नोआम निसान आणि अवी विग्डरसन यांनी दाखवले होते की, एखादे गणित संगणकासाठी खरोखर कठीण असेल, तर त्या कठीणपणाच्या बळावर थोडा योगायोग ताणून पुष्कळ करता येतो. तो खरा योगायोग नसतो, पण मर्यादित वेळ हाताशी असलेल्या कोणत्याही संगणकाला त्यातला फरक ओळखता येत नाही. पहिल्या कामात माळ तपासणाऱ्या परीक्षकाच्या ताकदीला मर्यादा नाही, दुसऱ्याचा सगळा भरवसा परीक्षकाची ताकद मर्यादित असण्यावरच. त्यामुळे एकाचा दुसऱ्याला काही उपयोग होईल, असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

१९९९ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्रेविझान यांनी या दोन घरांमधली भिंत काढून टाकली. विग्डरसन-निसान यांच्या यंत्रात ते 'कठीण गणित' एका लांब कोष्टकाच्या रूपात बसवलेले असते. सगळे जण ते कोष्टक ठरलेले आहे असे धरून चालत. त्रेविझान यांनी त्या जागी गढूळ माळच बसवली. ज्या माळेत योगायोगाचा पुरेसा अंश आहे, तिचे थोडक्यात वर्णन करता येत नाही, आणि ज्याचे थोडक्यात वर्णन करता येत नाही, ते गणित आपोआपच कठीण ठरते. आधी माळेवर चुका सुधारणाऱ्या संकेताचा एक संस्कार करायचा, मग ती यंत्रात घालायची. त्याच यंत्रातून अर्क बाहेर पडू लागला. जुन्या किचकट रचनांच्या जागी काही पानांत मावणारी स्वच्छ सिद्धता आली. पुढे क्वांटम स्मृती असलेल्या हेरापुढेही ही रचना टिकते, असे सिद्ध झाले. आज क्वांटम यंत्रांतून योगायोगाचे आकडे मिळवणाऱ्या प्रयोगांत 'त्रेविझान एक्स्ट्रॅक्टर' वापरला जातो.

मला या शोधाचे मोल वाटते ते यासाठी की, इथे नवे हत्यार घडवलेले नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली वस्तू त्यांनी दुसऱ्या बाजूने धरली, एवढेच. पण त्यासाठी ती वस्तू आरपार समजलेली असावी लागते.

कोलंबिया, बर्कली, स्टॅनफर्ड आणि पुन्हा बर्कली असा त्यांचा अध्यापनाचा प्रवास झाला. २००६ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांना व्याख्यानाचे निमंत्रण मिळाले. भारतीय संशोधकांशी त्यांचा जवळचा संबंध होता. चेन्नईत जन्मलेले मधू सुदान हे त्यांचे सहलेखक, तर मधुर तुलसियानी आणि अनिंद्य डे हे त्यांचे विद्यार्थी. २०१२ मध्ये जेम्स ली आणि शायान ओवेस घरान यांच्यासह त्यांनी मोठ्या जाळ्यांविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. एखादे जाळे एकमेकांशी सैल जोडलेल्या किती गटांत विभागता येईल, हे त्या जाळ्याच्या आयगेन-मूल्यांवरून, म्हणजे त्याच्या रचनेतून निघणाऱ्या ठरावीक संख्यांवरून, ओळखता येते. माहितीचे गट पाडण्याची जी रीत लोक अनुभवाने वापरत होते, तिला त्यामुळे भक्कम पाया मिळाला.

त्रेविझान समलिंगी होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. संगणकशास्त्राचा पाया घालणारे गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांना १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल इंग्लंडमध्ये दोषी ठरवण्यात आले होते. २०१२ हे ट्यूरिंग यांचे जन्मशताब्दी वर्ष. त्या निमित्ताने त्रेविझान यांनी आपल्या क्षेत्रातल्या समलिंगी संशोधकांना स्वतःचे अनुभव लिहायला बोलावले आणि स्वतःही लिहिले. गौरवाचे हार घालण्यापेक्षा ही आदरांजली मला अधिक खरी वाटते. ट्यूरिंग यांना जे मोकळेपणाने सांगता आले नाही, ते त्यांचे वारस आपापल्या नावानिशी सांगत होते.

२०१९ मध्ये त्रेविझान मायदेशी परतले. मिलानचे बोकोनी विद्यापीठ अर्थशास्त्रासाठी प्रसिद्ध. तिथे संगणकशास्त्राची घडी बसवण्याच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. एप्रिल २०२४ मध्ये अवी विग्डरसन यांना योगायोग आणि कठीणपणा यांच्या नात्यावरील कार्यासाठी संगणकशास्त्रातला ट्यूरिंग पुरस्कार जाहीर झाला. त्रेविझान यांनी आयुष्यभर ज्या वाटेवर काम केले, तिचाच तो सन्मान होता. त्यानंतर दोन महिन्यांनी, १९ जून २०२४ रोजी, कर्करोगाने त्यांचे मिलानमध्ये निधन झाले. वय अवघे ५२.

त्यांच्या मागे शोधनिबंध राहिले, तशीच वर्गात शिकवताना लिहिलेली टिपणेही राहिली. ती त्यांनी सर्वांसाठी मोफत खुली ठेवली होती. अवघड सिद्धतेतली मूळ कल्पना आधी साध्या शब्दांत सांगायची, मग आकडेमोडीकडे वळायचे, ही त्यांची पद्धत. आपल्याकडे संगणकाचे शिक्षण म्हणजे नोकरीपुरती प्रोग्रॅमिंगची भाषा, असे समीकरण पक्के झाले आहे. घरात संगणकशास्त्र शिकणारे कुणी असेल, तर सुट्टीत त्यांना खोट्या नाण्याचे हे कोडे घाला. त्यात गोडी वाटली, तर पुढच्या वाटेसाठी त्रेविझान यांची टिपणे हाती द्या. त्यासाठी एक रुपयाही पडत नाही.