पाण्याच्या वाटा आणि कोकणातील जुने घर

कोकणातील जांभ्या दगडाच्या जुन्या घराचे आयुष्य केवळ त्याच्या वयावरून ठरत नाही. छपरावर, भिंतींत आणि खळ्यात आलेले पाणी बाहेर जाण्याच्या ज्या वाटा ते बांधणाऱ्यांनी राखल्या होत्या, त्या आज मोकळ्या आहेत की नंतरच्या मालकांनी सुधारणेच्या उत्साहात बुजवून टाकल्या आहेत, ह्यावरून ते ठरते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो. इतक्या पावसाला सर्वस्वी रोखून धरणे अशक्य, हे जाणूनच उंच जोते, तीव्र उताराचे छप्पर, भिंतीपुढे आलेली वळचण आणि झडीचा मारा स्वतः सोसणारी पडवी अशी येथील घराची रचना झाली.

ज्या लाल कौलांना आपण कोकणाचे पुरातन लेणे समजतो, ती वस्तुतः फारशी जुनी नाहीत. बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि त्यानंतर ही खाचांनी परस्परांत गुंतणारी कौले किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस पसरली. तत्पूर्वी कुंभाराचे नळे किंवा गवत ह्यांवर भागत असे. नळ्यांची शाकारणी वर्षानुवर्षे चुकत नसे. मंगलोरी कौलांना ती तितकी लागेना, आणि ह्या सोयीपायी वैशाखात छपरावर चढण्याची शिस्तच मोडली. एका फुटक्या कौलातून झिरपणारे पाणी रिपेवरून वाशाला आणि वाशाच्या टोकातून भिंतीत उतरते. ओलावलेल्या लाकडाला बुरशी धरते, मागोमाग वाळवी येते, आणि थोडक्या पैशांत बदलता आले असते त्या कौलासाठी अखेर आढे बदलण्याचा प्रसंग येतो. निरनिराळ्या कारखान्यांची कौले एकमेकांच्या खाचांत नीट बसत नाहीत. म्हणून कौलाच्या पाठीवरची छाप पाहून त्याच जातीची कौले मिळवावीत, आणि पडवी पाडताना निघालेली धड कौले परसात रचून ठेवावीत. माजघरात अंधार असेल तर भिंत फोडण्यापूर्वी चार काचेची कौले बसवून पाहावीत. जुन्या घराला ह्याहून निरुपद्रवी सुधारणा मला ठाऊक नाही.

मात्र ह्या घरांचा खरा घात भिंतींपाशी झाला आहे. जांभा खाणीत असताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात आणि हवेवर तो कठीण होत जातो. मलबारात ही गोष्ट पाहून फ्रान्सिस बुकानन ह्याने १८०७ साली आपल्या प्रवासग्रंथात त्यास लॅटेराइट हे नाव दिले. हा दगड सच्छिद्र आहे. जमिनीतील ओल तो शोषून वर चढवितो आणि उन्हाळ्यात बाहेर सोडतो, आणि त्याच्या दरजांत भरलेला चुना ह्या येरझारीला आडकाठी करीत नाही. चुनखडी भाजून, विरवून, वाळूसह घाणीत मळलेला तो चुना भिंतीवर चढल्यानंतर हवेतील कर्बवायू घेत घेत महिनोन् महिने पुन्हा दगडाचे रूप घेत असतो. ह्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि वर तैलरंगाचा हात दिला की ओलीची वाट खुंटते. आतल्या आत क्षार साचतात, भिंतीला लोणा लागतो, आणि काही वर्षांनी गिलाव्याचे पापुद्रे सुटतात तेव्हा त्यांच्याबरोबर चिऱ्याची त्वचाही सुटून येते. ते पाहून मालक अधिक जाड गिलावा करवितो. ह्यासारखी दुःखद गोष्ट नाही, कारण तो खर्च बहुधा पोटाला चिमटा घेऊन केलेला असतो. सिमेंट हलक्या हाताने उतरवावे, भिंतीला एक पुरता उन्हाळा वाळू द्यावे, सुटलेल्या दरजा चुन्याने भराव्यात आणि वर चुन्याचीच सफेदी द्यावी, हा उपाय मंद आहे, पण तोच खरा आहे.

खळ्याची कथा ह्याच भिंतीशी जोडलेली आहे. पाऊस सरला की खळे उकरावे, पाणी शिंपडून चोपावे आणि शेणाने सारवावे, हे काम पिढ्यानपिढ्या बहुतांशी घरातील स्त्रियांच्या कमरेवर पडले, तेव्हा कोणी त्यावर फरसबंदी केली तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला पोचत नाही. परंतु भिंतीला खेटून काँक्रीट ओतले की खळ्यातून उडून जाणारी ओल भिंतीकडे वळते. जोत्यालगत दीड-दोन हात पट्टा खडी भरून मोकळा ठेवावा, पागोळ्यांचे पाणी पाटाने दूर न्यावे, आणि उरलेल्या खळ्यात जांभ्याच्या लाद्या मातीतच बसवाव्यात. हद्दीवरच्या बिनचुन्याच्या गडग्यातून पावसाचे पाणी निवांत पाझरून जात असे. त्याजागी सिमेंटची सलग भिंत आली आणि तळाशी मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर खळ्याचे तळे होते.

हे सर्व करावयाचे कोणी, हा प्रश्न दप्तरात अडतो. घरपट्टीच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव, आणि वारस मुंबई, पुणे, बडोदे येथे विखुरलेले. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. पण हिस्सा सर्वांचा आणि दुरुस्ती कोणाचीच नाही, ही जुनी अवस्था त्याने पालटली नाही. वाटणीपत्रात दालने, माड आणि विहिरीवरील वहिवाट ह्यांची नोंद होते, तशीच शाकारणीच्या वर्गणीची आणि किल्लीच्या जबाबदारीचीही व्हावयास हवी. गणपतीला सारे वारस घरी जमतात, तेव्हा पाऊस अजून चालू असतो आणि गळतीची प्रत्येक जागा, ओलीची प्रत्येक रेघ डोळ्यांसमोर असते. त्याच दिवसांत सर्वांनी मिळून घरभर फिरावे, यादी करावी, तिच्यावर सह्या कराव्यात, आणि चैत्रात गवंड्याला व सुताराला बोलावताना तीच यादी त्यांच्या हाती द्यावी.