ओढ्यातील तुडवण आणि तळाशी राहणारे सूक्ष्म प्राणिजीवन

प्रस्तावना

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात व त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत ओढ्यात उतरून चालण्याची हौस गेल्या काही दशकांत फार वाढली आहे. अशा पर्यटनाची चर्चा बहुधा प्लॅस्टिकचा कचरा व अपघात या दोन मुद्द्यांवरच थांबते. वस्तुतः कचरा न टाकणारा, शिस्तीत चालणारा माणूसही पाण्यात पाऊल ठेवतो तेव्हा तळाशी राहणाऱ्या प्राण्यांवर परिणाम होतोच. तो कसा होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गोट्याखालचे जग

खळाळत्या उथळ पाण्यातला मुठीएवढा गोटा उलटून पाहिला, तर त्याच्या खालच्या बाजूस चपट्या अंगाची मेफ्लायची पिल्ले, वाळूचे कण जोडून घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या, क्वचित स्टोनफ्लायची पिल्ले आढळतात. लहान खेकडे व चतुरांची पिल्लेही अशाच आडोशाला असतात. गोट्यावरचा शेवाळाचा निसरडा थर हे यांतील अनेकांचे अन्न, आणि गोट्यांमधील फटी हे त्यांचे घर. कॅडिसफ्लायच्या काही अळ्या तर दोन दगडांमध्ये रेशमी जाळे विणून प्रवाहाबरोबर येणारे अन्नकण गाळून खातात.

पाऊल पडते तेव्हा प्राणी चिरडला जातो, हा परिणाम सर्वांत उघड. परंतु माझ्या मते तो सर्वांत मोठा नव्हे. गोटा सरकला की त्याला बिलगलेले प्राणी सुटून प्रवाहात वाहू लागतात. एरवीही असे वहन होत असते; बहुसंख्य जातींत ते रात्री अधिक असते, कारण दिवसा टिपून खाणाऱ्या माशांपासून अंधार संरक्षण देतो. पर्यटकाच्या पावलाने हेच वहन भर दुपारी घडते. शिवाय ढवळलेला गाळ खाली वाहत जाऊन फटींत बसतो, कल्ल्यांवर साचतो, आणि शेवाळाचा थर घासला गेल्याने उरलेल्यांचे अन्नही कमी होते. म्हणजे जिथे पाऊल पडले त्याच्या खालच्या भागातही परिणाम पोहोचतो.

नुकसान भरून येते का?

विल्यम्स व हाइन्स यांनी १९७६ मध्ये पुनर्वसाहतीचे चार मार्ग सांगितले: वरून वाहत येणे, खालून प्रवाहाविरुद्ध चढणे, तळाखालच्या वाळू-खडीतून वर येणे आणि उडत्या प्रौढ कीटकांनी अंडी घालणे. ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्सच्या घळींत केलेल्या तुडवणीच्या प्रयोगात घटलेली संख्या थोड्याच दिवसांत पूर्ववत झाली. हा निष्कर्ष दिलासा देणारा खरा. पण तो दोन तुडवणींमध्ये उसंत मिळाली तरच लागू पडतो. दर शनिवार-रविवारी तोच खळाळ तुडवला गेला तर भरपाई पूर्ण होण्यापूर्वीच पुढचा आघात होतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. जुलै-ऑगस्टमधील पूर स्वतःच तळ खरवडून काढतो. त्या काळात प्राणी काठालगतच्या संथ पाण्यात व फटींत आसरा घेतात. सुरक्षिततेसाठी माणसेही नेमकी काठालगतच चालतात! पावसाळा सरल्यावर प्रवाह स्थिरावतो, संख्या वाढू लागते. पण अनेक ओढे उन्हाळ्यापूर्वीच तुटून डोहांपुरते उरतात. भरपाईला मिळणारा अवधी असा मुळातच तोकडा. उघड्या कातळावरून वाहणाऱ्या पाण्यात सरकायला गोटेच नसल्याने हानी तुलनेने कमी, गोटाळ तळात अधिक, हा भेदही लक्षात घ्यावा लागतो.

अभ्यासकाचे पाऊल

या विषयात एक विसंगती आहे, आणि ती आपणा प्राध्यापकांशी संबंधित आहे. तळजीवांचा नमुना घेण्याची प्रचलित पद्धत म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूस जाळी धरून वरचा तळ पायाने ढवळणे. ब्रिटनमध्ये यासाठी ३ मिनिटांचा प्रघात आहे. जाळीत जे येते ते तुडवणीचेच फलित. पर्यटक जाळी धरत नाही, एवढाच फरक.

यातून मापनाचा प्रश्न उद्भवतो. ब्रिटनमध्ये पूर्वी प्रचलित असलेल्या जैविक गुणांकन पद्धतीत प्राण्यांच्या कुळांना १ ते १० गुण दिले जात. स्टोनफ्लायच्या पर्लिडी कुळास १०, तर गांडूळवर्गीय कृमींस १. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हीच पद्धत भारतीय नद्यांसाठी अनुकूल करून घेतली. आता तुडवल्या गेलेल्या खळाळातून नाजूक कुळे तात्पुरती नाहीशी झाली, तर गुणांक घसरतो आणि स्वच्छ ओढा कागदावर प्रदूषित ठरतो. विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीत साठ पावले आधी पाण्यातून जाऊन मग नमुना घेतला जातो, तेव्हा नेमके हेच घडते. म्हणून नमुना नेहमी खालून वर सरकत घ्यावा, एक गट जाळीपाशी व उर्वरित काठावर ठेवावा, आणि नोंदवहीत तापमान व प्रवाहवेगाबरोबर मागील आठवड्यातील माणसांच्या वावराचाही रकाना असावा.