आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : गेमिंग पीसीत नक्की काय बदलायचं?



मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात आम्हा आयटीवाल्यांना एक प्रश्न हमखास येतो. "मुलाचा गेम अडकत अडकत चालतो. तो म्हणतो, नवा कॉम्प्युटरच हवा. हजार-बाराशे डॉलर घालायचे का?" बरेचदा एखादा भाग बदलून काम भागतं. पण दुखणं कुठे आहे ते न पाहता खरेदी केली, तर गत 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' अशी होते.

कामाची वाटणी

स्वयंपाकघरात एकजण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय असं समजा. प्रोसेसर लाटणारा : खेळाडू कुठे आहे, गाडी कशाला धडकली, हा सगळा हिशोब तो करतो. ग्राफिक्स कार्ड भाजणारं : त्या हिशोबावरून ते पडद्यावरचं चित्र रंगवतं. लाटणाराच मंद असेल तर दुसरा तवा आणून उपयोग नाही, आणि भाजणारा मागे पडला असेल तर लाटणाऱ्याला घाई करून काही होत नाही.

फुकटातली चाचणी

१०८० रिझोल्यूशनच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, तर ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख. ठिपके वाढले की भार मुख्यतः कार्डावर येतो, प्रोसेसरचं काम जवळजवळ तेवढंच राहतं. याचाच फायदा घ्यायचा.

१. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला जोडलेली आहे ना, ते पाहा. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त घरांत सापडते.
२. गेममधली व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, नाहीतर आकडा ६० वरच अडून बसेल.
३. नेहमीच्या सेटिंगवर सेकंदाला किती फ्रेम येतात ते लिहून ठेवा.
४. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा आणि त्याच जागी पुन्हा मोजा.

फ्रेम भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. आकडा जवळजवळ तोच राहिला तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३०-४० टक्केच वापरात दिसला तरी फसू नका. ती सगळ्या कोअरची सरासरी असते, आणि गेमचा मुख्य भार एक-दोन कोअरवरच असू शकतो.

एक उदाहरण

२०१८ च्या सुमारास घेतलेला पीसी घेऊ : एएमडी रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, एनव्हिडिया जीटीएक्स १०६० आणि ५०० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय.

चाचणीत कार्ड दोषी ठरलं तर आधी ते बदला. जून २०२५ मध्ये आलेलं आरएक्स ९०६० एक्सटी एकाच नावाने दोन प्रकारांत निघालं : ८ जीबी २९९ डॉलर आणि १६ जीबी ३४९ डॉलर, या बाजारात येतानाच्या किमती. आमचं मत १६ जीबीला. कार्डाची मेमरी भरली की चित्रांचा माल कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतून आणावा लागतो, तो रस्ता बराच हळू, आणि गेम अडकतो तो तिथे. हे कार्ड सुमारे १६० वॅट घेतं, जुनं १२० घ्यायचं. म्हणजे पॉवर सप्लाय तोच चालेल, फक्त आठ पिनांची वायर आहे का ते बघा आणि कॅबिनेटमधली जागा मोजा.

कार्ड बदलल्यावर चाचणी पुन्हा करा. आता प्रोसेसर मागे पडत असेल तर २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० त्याच मदरबोर्डवर बसतो. अट एकच : बायोस आधी अपडेट करायचा, आणि तोही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. क्रम उलटा झाला तर नवा प्रोसेसर बसवूनही मशीन सुरू होणार नाही.

याहून पुढच्या एएम५ पिढीत जायचं तर मदरबोर्डबरोबर डीडीआर५ मेमरीही घ्यावी लागते. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव झपाट्याने वाढले, तेव्हा घरातली डीडीआर४ टिकवण्यातच शहाणपण.

कधी थांबायचं?

इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा प्रोसेसर असेल तर त्यात पैसे घालू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी साधारणपणे आठवी पिढी लागते. इंटेलचा १३ व्या-१४ व्या पिढीचा प्रोसेसर सेकंडहँड घेताना जपून. त्यातल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होतो हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झालेलं नुकसान मात्र अपडेटने भरून येत नाही. आणि लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बहुधा बदलताच येत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

शेवटी एक सुचवणी. ही चाचणी तुम्ही करू नका, मुलांनाच करू द्या. आकडे कागदावर मांडून, कोणता भाग का हवा आणि तो किती वर्षं पुरेल हे त्यांनी समजावून सांगितलं, की मगच क्रेडिट कार्ड बाहेर काढायचं!