राखून ठेवलेला निकाल

१७ एप्रिल २०१५ रोजी ‘कोर्ट’ हा चित्रपट महाराष्ट्रातील चित्रगृहांत लागला, तेव्हा त्याची कीर्ती त्याच्या आधीच येऊन पहिल्या रांगेत बसली होती. व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ साली ‘ओरिझोंटी’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान आणि पदार्पणाच्या कृतीला मिळणारा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ हा पुरस्कार असे दोन्ही सन्मान त्याने पटकावले होते. प्रदर्शनापूर्वी काही आठवडे राष्ट्रीय पुरस्कारांतील सुवर्णकमळही त्याच्या पदरात पडले होते. आणि दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी तेव्हा वयाची तिशीही गाठलेली नव्हती. अशा अलंकारांनी मढून आलेल्या कलाकृतीविषयी आपल्याकडील सुशिक्षित प्रेक्षकाच्या मनात कुतूहल जितके असते तितकीच धास्तीही असते, कारण चित्रपट आवडला नाही तर तो दोष कोणाच्या खाती मांडायचा, हा प्रश्न तिकीट काढतानाच त्याला पडलेला असतो. त्यानंतरच्या काळात या चित्रपटाविषयी जी बोलणी कानांवर आली, त्यांतील पुष्कळशी या धास्तीतून निघालेली होती, हे प्रथमच नमूद केलेले बरे. परंतु ती वजा घातल्यावरही मतभेदाचा जो साठा शिल्लक राहतो तो इतका खरा आणि इतका तीव्र आहे, की त्याचा स्वतंत्र परामर्श घ्यावासा वाटतो.

कथानक थोडक्यात सांगून होण्यासारखे आहे. गटारे साफ करणाऱ्या वासुदेव पवार नावाच्या कामगाराचा मॅनहोलमध्ये मृत्यू होतो. नारायण कांबळे या वृद्ध शाहिराने वस्तीत गायलेल्या गाण्यामुळे त्याने जीव दिला, असा आरोप रचला जातो. आणि भर कार्यक्रमात मंचावरून या शाहिराला पोलीस घेऊन जातात. यापुढे घडते ते सारे मुंबईच्या एका सत्र न्यायालयात, तारखेमागून तारखेत. साक्ष, उलटतपासणी, जामिनाचा अर्ज, तहकुबी, पोलिसांचा नेहमीचाच एक साक्षीदार, इंग्रजी अमदानीतील कलमांचे एकसुरी वाचन, असा हा ऐवज आहे. छायाचित्रणकार मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुधा लांब आणि निश्चल उभा असतो; कोणाच्या डोळ्यांत पाणी आले तरी तो पुढे सरसावत नाही.

या निश्चलतेवरूनच पहिली दुफळी पडली. मध्यंतरातच उठून गेलेल्या मंडळींची तक्रार अशी, की कोर्टात बसून वेळ घालवायचाच होता तर तिकीट कशाला काढायचे, ते तर फुकट मिळते. ही तक्रार उडवून लावण्याचा समीक्षकांचा शिरस्ता मला मान्य नाही. कंटाळा हा या चित्रपटाचा कच्चा माल आहे, त्याने तो जाणूनबुजून वापरला आहे, आणि ज्याच्या अंगावर तो माल पडला त्याने हात झटकले तर त्याला अरसिक म्हणण्याचे कारण नाही. मात्र यात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ज्यांच्या घरात वाटणीचा, वहिवाटीचा किंवा भाडेकरूचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, ती माणसे या कंटाळवाण्या म्हटल्या जाणाऱ्या प्रसंगांना मनसोक्त हसत होती. साक्षीदाराचे मराठी बोलणे न्यायाधीश आपल्या तोंडाने सपाट इंग्रजीत उतरवून टंकलेखकाला सांगतात. बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या एका बाईचे प्रकरण त्या पोशाखापायी त्या दिवशी ऐकलेच जात नाही. आणि या सगळ्यात कोणीही आवाज चढवत नाही. चित्रपटांतील न्यायालय म्हणजे गर्जना, टेबलावर आपटलेली मूठ आणि ऐन वेळी दार उघडून येणारा साक्षीदार, अशी ज्याची कल्पना झाली होती त्याला यात काही घडताना दिसले नाही. ज्याने खऱ्या न्यायालयाच्या बाकावर दिवस काढले होते त्याला प्रत्येक वाक्यात काहीतरी घडताना दिसले.

मराठी प्रेक्षक मान्यवर चित्रपटाशी असा भांडला, हे काही प्रथमच घडले नाही. जब्बार पटेलांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनला गेला. पण इकडे गावोगाव लोकांच्या तोंडी राहिला तो निळू फुल्यांचा हिंदूराव, आणि डॉ. लागूंच्या मास्तरांची नैतिक तगमग ज्यांच्यासाठी म्हणून रंगविली होती त्यांच्यापैकी कित्येकांनी साखरसम्राटाच्या ऐटीलाच मनातल्या मनात मुजरा केला. १९८२ च्या ‘उंबरठा’मधील सुलभा महाजनवर तर घराघरांत खटले चालले: मूल जावेच्या ओटीत टाकून महिलाश्रमाची नोकरी पत्करणारी ही बाई स्वार्थी की स्वतंत्र, यावर नवराबायकोंचे बोलणे तुटल्याचे मी ऐकले आहे, आणि स्मिता पाटीलच्या अभिनयाविषयी दोन्ही पक्षांचे एकमत असूनही त्याचा खटल्यावर काडीचा परिणाम झालेला नव्हता. ‘फँड्री’च्या अखेरीस जब्या या मुलाने भिरकावलेला दगड सरळ पडद्यावर येतो, तो आपल्याला लागला असे म्हणणारे, तो आपणच मारला असे म्हणणारे, आणि आपला त्याच्याशी संबंध काय असे विचारणारे असे तीन तट त्यावर पडले. या तिन्ही चित्रपटांत एक सोय होती. अन्यायाची बाजू कोणती, हे पडद्यावर दिसत होते. वाद होता तो आपण तिच्याशी कितपत नाते सांगावे याचा. ‘कोर्ट’ने ती सोय काढून घेतली, आणि माझ्या मते लोकांच्या चिडीचे मूळ तेथेच आहे. अन्याय समोर ढळढळीत होत असतो, पण तो करणारे माणूस शोधू गेले तर प्रत्येक वेळी हाती लागते ते कोणीतरी आपले काम करीत असलेले भले माणूस.

या भल्या माणसांत सर्वाधिक वादग्रस्त ठरल्या त्या सरकारी वकील नूतनबाई. गीतांजली कुलकर्णी यांनी ही भूमिका अशा काही नैसर्गिकपणे वठविली आहे, की नाट्यगृहात किंवा लोकलच्या बायकांच्या डब्यात ही बाई आपल्या शेजारी बसून गेली असावी असे वाटत राहते. न्यायालय सुटल्यावर ती गाडीत सहप्रवासिनीशी साडीच्या नि स्वयंपाकाच्या गोष्टी करते, पाळणाघरातून मुलाला घेते, घरी येऊन पदर खोचते, सर्वांना वाढते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच समभावाने एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी कलमे वाचू लागते. एकदा सहकाऱ्यांशी बोलताना, या माणसाला एकदाची वीस वर्षे ठोकून मोकळे व्हावे, अशा अर्थाचे ती सहज बोलून जाते. त्या बोलण्यात द्वेष नसतो, तुंबलेले काम हातावेगळे करण्याची घाई तेवढी असते.

नोकरी करणाऱ्या कित्येक स्त्रियांनी तिची बाजू हिरिरीने घेतली. घर आणि कचेरी यांच्या कात्रीत सापडलेली ही बाई. तिने सरकारचे वकीलपत्र घेतले आहे, तेव्हा सरकारची बाजू मांडणार नाही तर काय करील. आणि हेच काम एखाद्या पुरुषाने केले असते तर त्याच्या स्वयंपाकघरात कॅमेरा नेण्याची बुद्धी कोणाला झाली असती काय, असा त्यांचा सवाल होता. दुसरा पक्ष याहून निराळ्या कारणाने संतापला. बचावाचे वकील विनय व्होरा हे श्रीमंत गुजराती घरातले. मोटारीत जाझ ऐकणारे, दुकानातून वाइन आणि चीज घेणारे, पण माणुसकी तेवढी त्यांच्याच ठायी. आणि मराठी बाई मात्र कोत्या मनाची. हा मराठी मध्यमवर्गाचा उपमर्द आहे, असे या पक्षाचे म्हणणे. त्याला पुरावा म्हणून नाटकाचा प्रसंग पुढे केला जातो. सुटीच्या दिवशी नूतनबाई सहकुटुंब एका मराठी नाटकाला जातात, रंगमंचावर होऊ घातलेल्या परप्रांतीय जावयाची यथेच्छ टवाळी होते, आणि सारे प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. मी ज्या खेळाला होतो तेथे या ठिकाणी आमच्या चित्रगृहातही हशा पिकला, आणि दोनचार क्षणांनी तो असा काही विरला, की हसणाऱ्यांना आपण कोणत्या प्रेक्षागृहात बसलो आहोत याचा उमज पडला असावा.

उपमर्दाची ही फिर्याद मला टिकणारी वाटत नाही, कारण व्होरांनाही चित्रपटाने सोडलेले नाही. विवेक गोम्बर (चित्रपटाचे निर्मातेही तेच) यांनी रंगविलेला हा गृहस्थ आपल्या अशिलाच्या जगात परकाच आहे. खटल्यातील एका पुस्तकावरून एका समाजाच्या भावना दुखावल्या म्हणून काही लोक त्यांच्या तोंडाला काळे फासतात, आणि पुढे आपल्याला दिसते ते सौंदर्यगृहात चेहऱ्याला लेप लावून पडलेले व्होरा. त्या लेपाखाली अपमान आहे, आणि तो धुऊन काढण्याची ऐपतही आहे. या दृश्याला मी कधी हसणारे पाहिले, कधी गहिवरलेले, आणि एकाच बाकावर शेजारीशेजारी दोन्ही पाहिले. तरीसुद्धा नूतनबाईंचे चित्रण अधिक कठोर आहे, हे त्यांच्या कैवाऱ्यांना कबूल करावे लागेल. व्होरांकडे चित्रपट किंचित अंतरावरून पाहतो. नूतनबाईंकडे मात्र तो इतक्या जवळून आणि इतक्या आपुलकीने पाहतो की त्यांना सबब सांगायला जागा उरत नाही.

एका दृश्याविषयी मात्र मला दुमत आढळले नाही. मृत कामगाराची विधवा साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. नवरा मॅनहोलच्या तोंडाशी खडा टाकून पाही. खालून झुरळे हलली तर आत हवा आहे असे समजून तो उतरे. अंगावर साधने नसत. वास सोसावा म्हणून तो दारू पिई. आतल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. उषा बाणे यांनी हे सारे ज्या कोरड्या, जवळजवळ त्रासलेल्या स्वरात सांगितले आहे, त्यापुढे आत्महत्येच्या कलमाची इमारत आपसूकच ढासळते. पण न्यायालयात त्या ढासळण्याचा आवाज कोणालाच येत नाही. नंतर व्होरा त्या विधवेला पैसे देऊ करतात. ती काम मागते.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळू. आंबेडकरी चळवळीतील काही प्रेक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी असे विचारले, की शाहिरावर खटला आणि शाहीरच चित्रपटाच्या कडेला, हा न्याय कोठला? कॅमेरा दोन्ही वकिलांच्या घरी जातो, न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो, पण नारायण कांबळे यांचे जेवण, झोप, घरातील माणसे यांतले फारसे काही आपल्याला दिसत नाही. त्यांची भेट होते ती शिकवणीत, मंचावर, पिंजऱ्यात, रुग्णालयात आणि छापखान्यात. या भूमिकेसाठी वीरा साथीदार यांची निवड झाली होती. नागपूरचे, चळवळीत हयात घालवलेले, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक राहिलेले हे गृहस्थ पडद्यावर अभिनय करीत आहेत असे वाटतच नाही, आणि त्यांच्या तोंडची संभाजी भगतांची गाणी हा चित्रपटातील एकमेव उंच स्वर आहे. २०२१ च्या एप्रिलात करोनाने त्यांचे निधन झाले. असा माणूस हाती असताना त्याला इतके कमी दाखवावे याची हळहळ आक्षेपकांच्या बोलण्यात होती.

यावर चित्रपटाच्या चाहत्यांचे उत्तर ठरलेले आहे: कायद्याच्या यंत्रात आरोपीचे माणूसपण असेच पुसले जाते, आणि चित्रपटाची रचनाच ते पुसले जाणे दाखविते. तर्कदृष्ट्या हे उत्तर निर्दोष आहे. पण ज्यांच्या घरातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या कथांत कडेलाच उभी राहिली, त्यांना रचनेचे सौंदर्य समजावून सांगण्यात एक उद्धटपणाही आहे, आणि या आक्षेपाचे वजन त्या उत्तराने घटत नाही, असे माझे मत आहे. प्रेक्षागृहातील बहुसंख्य लोक नूतनबाईंच्या आणि न्यायाधीश सदावर्त्यांच्या बिरादरीतले असतील हे गृहीत धरून, त्यांना त्यांच्याच घरी नेऊन उभे करणारा हा चित्रपट आहे. ज्यांचे घर त्यात नव्हते त्यांनी तक्रार केली तर ती वाजवीच म्हटली पाहिजे.

शेवटाविषयीचा तंटा अजून मिटलेला नाही. उन्हाळी सुटी लागते, न्यायालयातून माणसे निघून जातात, आणि रिकाम्या दालनातील दिवे एकेक करून मालवले जातात. पडदा काळा होतो. पुष्कळांच्या मते चित्रपट येथेच संपायला हवा होता. काही लोक खुर्च्यांवरून उठलेही. पण काळोखानंतर सहल सुरू होते: न्यायाधीश महाराज नातलगांसह एका विश्रामस्थानी आलेले आहेत, न बोलणाऱ्या एका मुलाच्या बापाला नाव बदलण्याचा आणि अंगठीचा उपाय सुचवीत आहेत, आणि दुपारी बाकावर बसल्याबसल्या त्यांना डुलकी लागते. पोरे कानाशी येऊन ओरडतात नि पळतात; हाताला लागला त्याच्या थोबाडीत बसते; पोर रडते; न्यायाधीश पुन्हा झोपी जातात.

हे शेपूट जोडलेले आहे, अंधारातच पुरे उदात्तता होती, असे म्हणणाऱ्यांत माझे काही जाणते स्नेही आहेत. मला वाटते की त्या उदात्ततेतच धोका होता. दिवे मालवले गेल्यावर दोष त्या इमारतीचा, व्यवस्थेचा, कालगतीचा ठरला असता, आणि प्रेक्षक एक सुंदर विषाद घेऊन घरी गेला असता. थोबाडीत मारणारा हात मात्र एका ओळखीच्या माणसाचा आहे. आमच्या मंडळींतील एका वयोवृद्ध वकिलांनी यावर हसून म्हटले, “अहो, झोपलेल्या माणसाच्या कानाशी ओरडल्यावर कोणीही मारील, त्यात न्यायाधीशाचे काय?” त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. ओरडली सगळी मुले होती, मग मार एकट्याच्याच वाट्याला कसा आला, एवढेच त्यांनी विचारले. आणि त्यावर वकीलसाहेबांनी बराच वेळ युक्तिवाद केला.