निरपराध ट्रान्सफॉर्मर

हौशी रेडिओच्या जगात एखादा जुना अँप्लिफायर बंद पडला म्हणजे त्यातील सर्वांत जड आणि सर्वांत महाग भागावर प्रथम संशय घ्यावा, असा एक शिरस्ता पडून गेला आहे. आणि तो भाग बहुधा वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे, ज्याने पन्नास वर्षे निमूटपणे आपले काम केले त्यालाच दोषी ठरवून दुसरा ट्रान्सफॉर्मर मिळवण्याची यातायात सुरू होते. ट्रान्सफॉर्मर सुटला तर आळ व्हॉल्व्हांवर येतो, कारण तेही महाग असतात. ज्यांची किंमत चहाच्या पेल्याहून अधिक नसते आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या रेझिस्टरांची चौकशी मात्र अगदी शेवटी होते. या लेखकाच्या मते हा क्रम बरोबर उलटा असावयास हवा.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष यंत्रच समोर ठेवू. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर येथील हीथ कंपनीने 1970 च्या सुमारास एसबी-220 नावाचा अँप्लिफायर विक्रीस आणला. तो सुट्या भागांच्या रूपाने येई आणि घेणाऱ्याने स्वतः डाक देऊन तो उभा करावयाचा असे. सबब त्या नावाची दोन यंत्रे आतून तंतोतंत सारखी सापडणे दुर्मीळ, आणि एखाद्या यंत्राचा जुनाट आजार वस्तुतः मूळ मालकाने घाईत दिलेल्या कच्च्या डाकेचा असल्याचे पुढे उघडकीस येते. यात 3-500 झेड जातीचे दोन व्हॉल्व्ह असून त्यांना संभाषणाच्या वेळी सुमारे 3000 व्होल्ट आणि तारसंकेतांच्या वेळी सुमारे 2400 व्होल्ट इतका उच्च विद्युद्दाब लागतो. तो मिळवण्यासाठी ट्रान्सफॉर्मरपासून निघालेल्या दाबाची डायोडांच्या दोन माळा आणि कपॅसिटरांच्या दोन राशी यांच्या योगाने दुप्पट केली जाते. प्रत्येक माळेत सात डायोड आणि प्रत्येक राशीत चार कपॅसिटर, प्रत्येक कपॅसिटर 200 मायक्रोफॅरड व 450 व्होल्टचा, आणि प्रत्येकाच्या अंगाला 30 हजार ओहमचा एक रेझिस्टर, अशी ही रचना आहे.

पहिला गैरसमज असा की, व्हॉल्व्ह झगझगीत पेटले म्हणजे पुरवठा ठीक आहे. व्हॉल्व्हातील तंतूंना 5 व्होल्टच्या दाबावर प्रत्येकी सुमारे साडेचौदा अँपियर प्रवाह देणारी व्यवस्था निराळी आणि उच्च दाबाची व्यवस्था निराळी. पहिली सुरळीत असता दुसरी पूर्णपणे मृत असू शकते, आणि तो प्रकाश पाहून निश्चिंत होणाऱ्याची निष्कारण फसगत होते.

उच्च दाब मुळीच मिळत नसेल, किंवा बटण दाबताक्षणी फ्यूज उडत असेल, तर दोष कोणत्या इलाख्यात आहे हे ठरवण्याची रीत अगदी साधी आहे. यंत्र बंद करून, प्लग काढून आणि साठलेला विद्युत्भार संपल्याची खातरजमा करून, प्रथम व्हॉल्व्हांच्या माथ्यावरील जोडण्या सोडवाव्यात आणि त्यांची मोकळी टोके सर्व धातूपासून दूर व नीट झाकून ठेवावीत. मग झाकण बसवून पुन्हा पाहावे. फ्यूज टिकला तर व्हॉल्व्ह किंवा त्यापुढील मंडल संशयास्पद. तरीही उडाला तर पूर्ववत सर्व खबरदारी घेऊन ट्रान्सफॉर्मरची उच्च दाबाची टोके डायोडांपासून अलग करावीत. त्यानंतर फ्यूज टिकला तर डायोड किंवा कपॅसिटर दोषी. आणि या साऱ्या पायऱ्या उतरून गेल्यावरही तो उडतच राहिला, तरच ट्रान्सफॉर्मरचे नाव घेण्यास आधार मिळतो. दाब शून्य नसून जवळजवळ नेमका निम्मा असेल तेव्हा तर ट्रान्सफॉर्मरवर संशय घेण्याचे काहीच कारण नाही, कारण दुप्पट करणाऱ्या मंडलाची एक बाजू तुटली की 3000 च्या ठिकाणी 1500 व्होल्ट उरतात, आणि हे लक्षण दुसऱ्या कोणत्याही बिघाडात इतके स्वच्छ उमटत नाही.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून अधिक क्षमतेचा फ्यूज बसवणे हा गैरसमज नसून निव्वळ अविचार आहे, आणि त्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

डायोडांच्या बाबतीत एक विलक्षण फसवा प्रकार घडतो. पुष्कळांचा समज असा की, मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून संपूर्ण माळेच्या दोन टोकांना लावला म्हणजे एका झटक्यात निकाल मिळतो. परंतु सात डायोड पार करण्यास चार व्होल्टांहून अधिक दाब लागतो, आणि सामान्य मल्टीमीटर त्या खुणेवर दोन-तीन व्होल्टच देत असल्याने धडधाकट माळसुद्धा तुटल्यासारखी दिसते. उलट सातांपैकी एखादा डायोड आतून जुळून गेला असेल तर त्याचा सुगावाही लागत नाही. प्रत्येक डायोडची स्वतंत्र परीक्षा घेणे हाच एक उपाय. एकही सदोष निघाल्यास सर्व चौदा बदलावेत, कारण जो गेला त्याच्या वाट्याचा ताण उरलेल्यांनी किती काळ सोसला हे कळण्यास मार्ग नसतो. आज सहज मिळणारे 1000 व्होल्ट व 3 अँपियरचे एकाच जातीचे, एकाच खेपेतील डायोड बसवले तर जुन्या पद्धतीप्रमाणे त्यांच्याशी समांतर रेझिस्टर जोडण्याची आवश्यकता उरत नाही.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे कपॅसिटर आणि त्यांना चिकटलेले रेझिस्टर यांच्याकडे, वळू. कपॅसिटर वरून फुगलेला नाही किंवा गळत नाही, एवढ्यावरून तो निर्दोष समजणे चुकीचे. आतील द्रव सुकून त्याची धारकता निम्म्यावर आली तरी बाह्यांग जसेच्या तसे राहते. याच्या जोडीला असा एक समज आहे की, वर्षानुवर्षे पडून राहिलेले कपॅसिटर व्हेरिअ‍ॅकच्या, म्हणजे दाब कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, साहाय्याने हळूहळू दाब वाढवीत नेले की नव्यासारखे होतात. यात तथ्यांश आहे, पण तो अर्धाच: ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा पातळ थर अशा उपचाराने पुन्हा जमतो हे खरे, मात्र सुकलेला द्रव कोणत्याही उपचाराने परत येत नाही. आठांपैकी जो फुटला तेवढाच बदलण्याची काटकसरही अंगलट येते. कारण एकापुढे एक जोडलेल्या कपॅसिटरांत भरतीच्या वेळी ज्याची धारकता कमी त्याच्या वाट्याला अधिक दाब येतो, आणि ताज्या शेजाऱ्याच्या संगतीत जुन्या तिघांवरचा भार वाढतच जातो.

परंतु कपॅसिटर मुळात मरतात कशाने? वयाने, हे उत्तर सर्वांच्या जिभेवर असते, आणि ते अपुरे आहे. प्रत्येक कपॅसिटरवर 3000 चा आठवा हिस्सा, म्हणजे 375 व्होल्ट, येतो. तेवढ्या दाबाखाली 30 हजार ओहमच्या रेझिस्टरात जवळजवळ पावणेपाच वॅट उष्णता सतत निर्माण होते, आणि आठांची मिळून ती सुमारे साडेसदतीस वॅट भरते. यंत्र एक शब्दही प्रक्षेपित न करता नुसते चालू ठेवले तरी ही भट्टी कपॅसिटरांच्या अगदी कुशीत धगधगत असते. त्या आचेने कपॅसिटर सुकतात. आणि त्याच आचेने एके दिवशी एखादा रेझिस्टर आतून तुटतो. मग जे घडते ते नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या रेझिस्टरचे काम आपल्या कपॅसिटरला त्याच्या न्याय्य हिश्शापुरताच दाब घेऊ देण्याचे असते. तोच नाहीसा झाल्यावर शेजाऱ्यांच्या रेझिस्टरांतून येणारा प्रवाह या एकाच कपॅसिटरला भरीत राहतो, 375 वरून त्याचा दाब 450 ची मर्यादा ओलांडतो, आणि अखेरीस तो फुटतो. मालक फुटलेला कपॅसिटर पाहतो, त्याला दोष देतो, नवा बसवतो, आणि मूळ कारण जागच्या जागी राहिल्याने काही दिवसांत तोही त्याच वाटेने जातो. भरलेला भार पूर्ण निचरून घेतल्यावर ओहममीटरने आठही रेझिस्टर क्रमाने मोजले असते तर सात ठिकाणी 30 हजारांच्या आसपास आणि एका ठिकाणी अनंत असा आकडा येऊन दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

हाच क्षुद्र रेझिस्टर माणसाच्या जिवाचाही पहारेकरी आहे, आणि येथेच सर्वांत घातक गैरसमज दडलेला आहे: प्लग काढला की धोका संपला. आठ कपॅसिटर मिळून 25 मायक्रोफॅरड होतात. 3000 व्होल्टवर त्यांत 112 जूल ऊर्जा साठते. इस्पितळांतील आधुनिक यंत्रे लय बिघडून नुसत्या थरथरणाऱ्या हृदयाला 120 ते 200 जूलांचा धक्का देतात, हे लक्षात घेतले म्हणजे या संख्येचा अर्थ समजतो. मूळ रेझिस्टर शाबूत असतील तर यंत्र बंद केल्यावर दाब 50 व्होल्टच्या खाली येण्यास सुमारे 25 सेकंद लागतात. त्यांपैकी एक तुटलेला असेल तर बाकीचे कपॅसिटर रिते होतात, पण तो एक मात्र आपला भार धरून बसतो. आणि 3000 व्होल्ट दाखवण्यासाठी आखलेल्या मीटरचा काटा तेव्हा मापाच्या तळाकडेच असल्याने, घाईत पाहणाऱ्याला धोका टळला असे वाटू शकते.

उष्णतेचा बंदोबस्त म्हणून अलीकडे 30 हजारांच्या जागी एक लाख ओहमचे रेझिस्टर बसवण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे, कारण प्रत्येकातील उष्णता त्यामुळे सुमारे 1.4 वॅटवर येते. मात्र अशा रेझिस्टरांसह 220 मायक्रोफॅरडचे नवे कपॅसिटर घातले की तोच निचरा होण्यास सुमारे दीड मिनिट लागते, ही गोष्ट दुरुस्ती करणारे सांगत नाहीत आणि जुन्या सवयीने अर्ध्या मिनिटात झाकण उघडणारे विचारीत नाहीत. दोन्ही प्रकारांत, वाट पाहून झाल्यावरही, लांब विद्युतरोधक दांड्याच्या टोकाला बसवलेल्या रेझिस्टरमधून प्रथम संपूर्ण रास आणि मग एकेक कपॅसिटर निचरून घ्यावा, आणि तोपर्यंत एक हात खिशात असावा. स्क्रू-ड्रायव्हर थेट टेकवून ठिणगी पाडण्यात शौर्य वाटत असेल, पण त्या आघाताने कपॅसिटर व डायोड दोघांनाही इजा होते.

मोजमापाच्या बाबतीत दोन भ्रम आहेत. एक, प्रत्येक कपॅसिटरवर 375 व्होल्टच असल्यामुळे साध्या मल्टीमीटरने चालू यंत्रातील एकेक मोजता येतो. दोन टोकांमधील अंतर 375 व्होल्टचे असले तरी वरचा कपॅसिटर चॅसीच्या मानाने 3000 व्होल्ट उंचीवर असतो, आणि 600 किंवा 1000 व्होल्टसाठी बनवलेल्या मीटरचे आवरण व मोजणाऱ्याचा हात त्या उंचीवर पोचतात. उच्च दाबासाठी खास केलेल्या प्रोबशिवाय येथे हात घालण्याची मुभा कोणालाही नाही. दुसरा भ्रम, यंत्राचा स्वतःचा मीटर कमी दाब दाखवतो म्हणजे पुरवठा क्षीण झाला. त्या मीटरच्या वाटेवर मोठ्या मूल्याच्या रेझिस्टरांची माळ असते. जुन्या कार्बनी रेझिस्टरांचे मूल्य वयोमानाने वाढत जाते आणि तितक्या प्रमाणात मीटर खरा दाब घटवून सांगतो. अशा वेळी दाब प्रत्यक्षात पुरेपूर असतो आणि मालक नसलेला रोग हुडकीत ट्रान्सफॉर्मर उतरवून बसतो.

बोलताना काटा खाली झुकणे हे मर्यादेत असेल तर स्वाभाविक आहे. फाजील झुकत असेल तर यंत्रापूर्वी घरातील तारांकडे पाहावे. भिंतीतील तारांचा रोध 0.3 ओहम असेल तर 120 व्होल्टवर 16 अँपियर घेताना त्यांत जवळजवळ 5 व्होल्ट, म्हणजे शेकडा चार, वाया जातात. तेच यंत्र 240 व्होल्टवर जोडले की प्रवाह निम्मा होऊन तोटा शेकडा एकावर येतो. भारतातील 230 व्होल्टवर ही चिंता जवळपास उरत नाही. येथे आडवा येतो तो सर्वसाधारण श्रेणीच्या परवान्यातील 400 वॅटचा निर्बंध.

राहता राहिली व्हॉल्व्हांवरील फिर्याद. दीर्घकाळ पडून असलेल्या 3-500 झेडमध्ये क्वचित अल्पसा वायू शिरतो आणि पहिल्याच वापरात आत ठिणगी पडते. तेवढ्याने व्हॉल्व्ह निकामी होतोच असे नाही. परंतु त्या क्षणी कपॅसिटरांतील सारा भार अनिर्बंध धावल्याने मीटरशी जोडलेले अल्प मूल्याचे रेझिस्टर व कधी मीटरही जळतात, आणि नंतर मीटर निष्प्राण पाहून पुरवठाच गेला असा निष्कर्ष काढला जातो. उच्च दाबाच्या तारेत 25 ओहमचा, तारेने गुंडाळलेला दहा वॅटचा रेझिस्टर घातला म्हणजे 3000 व्होल्टवरील तो लोट 120 अँपियरच्या आत राहतो, आणि मीटरच्या रेझिस्टरांना समांतर एकेक दणकट डायोड जोडला म्हणजे उरलेला आघात त्याच्या वाटेने निघून जातो.