समुद्रातली मधमाशी

लघवीत जंतुसंसर्गाची शंका आली की डॉक्टर 'कल्चर' करायला सांगतात. प्रयोगशाळेत जंतू ज्या थाळीवर वाढवतात, तिच्यातला थर अगारमुळे घट्ट होतो. खरवस-पुडिंगसारख्या पदार्थांत घालतात ते चायना ग्रास म्हणजे हेच अगार. ते लाल समुद्रशेवाळापासून मिळते. धर्माबादपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी आपले निदान असे त्याच्याशी जोडलेले आहे.

ग्रॅसिलॅरिया हे असेच एक लाल शेवाळ. कोकणच्या खडकांवरही त्याच्या जाती आढळतात. माणसाच्या शुक्राणूला शेपटी असते. या शेवाळाच्या नरपेशीला ती नसते, त्यामुळे पोहता येत नाही. मादीपेशी तर जागची हलतच नाही. मग फलन होते कसे? पाण्याचा प्रवाहच नरपेशी वाहून नेतो, असे मानले जाई. 2022 मध्ये फ्रान्समधील रोस्कॉफ येथील संशोधकांनी आणखी एक वाहक दाखवून दिला. आयडोटिया हा झिंग्याचा दूरचा भाऊबंद शेवाळावर चरतो. तेव्हा नरपेशी त्याच्या अंगाला चिकटतात आणि मादीपर्यंत पोहोचतात. स्थिर पाण्यातल्या प्रयोगात त्याच्यामुळे फलन सुमारे 20 पट वाढले. बदल्यात त्याला शेवाळावरचे सूक्ष्म जीव खायला मिळतात आणि शेवाळही स्वच्छ राहून जोमाने वाढते.

सूर्यफुलाच्या शेतात मधमाशी करते तेच हे काम. म्हणून शेवाळ जपायचे, तर त्यावरचे हे बारके जीवही जपायला हवेत.