गुदचीर : घरचा उपाय व दवाखान्याचा उपाय

शेतकऱ्यास होणाऱ्या बहुतेक दुखण्यांची चर्चा पारावर मोकळेपणानें होते. परंतु एक दुखणें असें आहे कीं, घरचा कर्ता पुरुषही तें बायकोपासून लपवितो. शौचाच्या वेळीं गुदद्वाराशीं कातरल्यासारखी वेदना होते, लालभडक रक्ताचे चार थेंब दिसतात, आणि उठल्यावरही कधीं घटकाभर तर कधीं दोन-तीन तास आग थांबत नाहीं. या व्याधीस गुदचीर म्हणतात. दवाखान्यांत तिला 'फिशर' हें नांव आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत 'परिकर्तिका' या नांवानें अशाच कातरणाऱ्या वेदनेचें वर्णन आलें आहे. अर्थात् ही व्याधि नवी नव्हे, लाजिरवाणी तर मुळींच नव्हे.

आमच्या वाशीम जिल्ह्यांत रिसोडास जा कीं मानोऱ्यास जा, शौचावाटे रक्त दिसलें म्हणजे लोक 'मूळव्याध' हें एकच नांव देऊन मोकळे होतात. आमचें सारें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. गट क्रमांकाचा एक आंकडा चुकला तर पुढील सर्व नोंदी बिनचूक असूनही व्यर्थ होत, हें आम्हीं तेथें पाहिलें. रोगाचेंही तसेंच आहे. मूळव्याधींत आंतील रक्तवाहिन्या फुगतात. रक्त पडतें, पण बहुधा दुखत नाहीं. भगंदरांत आंतून बाहेर नळीसारखी वाट पडून पू येतो. गुदचिरींत केवळ नाजूक त्वचा फाटलेली असते. जखम लहान, पण वेदना फार. तिन्हींचे उपाय निराळे आहेत.

आतां ही चीर भरून कां येत नाहीं तें पाहूं. कठीण मळ जोरानें बाहेर पडतांना त्वचा फाटते. बहुधा ती पाठीकडील बाजूस, मध्यावर फाटते. वेदनेमुळें गुदद्वाराभोंवतालचा आंतील स्नायु आवळला जातो. हा स्नायु आपल्या इच्छेनें ढिला होत नाहीं. तो आवळला कीं जखमेस रक्ताचा पुरवठा कमी पडतो, आणि रक्तावांचून कोणतीही जखम भरत नाहीं. त्यांतच रोगी वेदनेच्या भयानें शौच टाळतो. मळ अधिक वाळतो, आणि दुसऱ्या दिवशीं तीच जखम पुन्हां फाटते. टांचेची भेग मेण लावून विसांवा दिला कीं मिळून येते. येथें विसांवाच मिळत नाहीं. म्हणून सर्व उपचाराचें सूत्र एवढेंच : मळ मऊ करणें व आवळलेला स्नायु सैल करणें.

शेतकऱ्याच्या दिनचर्येंत या व्याधीचीं कारणें बरींच आहेत. सोयाबीनच्या सोंगणींत पहांटे वेग आला तरी 'मागाहून पाहूं' म्हणून तो दाबला जातो. ज्या घरीं शौचकूप नाहीं, तेथील स्त्रिया अंधार पडेपर्यंत वेग रोखून धरतात. वैशाखांत घाम उदंड व पाणी अपुरें असतें. शिवाय ज्वारीची भाकर मागें पडून मैद्याचे टोस्ट व बिस्किटें घरोघर आलीं आहेत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 सालच्या कोष्टकांप्रमाणें 100 ग्रॅम ज्वारींत चोथा सुमारें 10 ग्रॅम, अख्ख्या हरभऱ्यांत सुमारें 25 ग्रॅम, तर मैद्यांत 3 ग्रॅमही नाहीं. मळ मऊ राहण्यास प्रौढ माणसाला रोज 25 ते 30 ग्रॅम चोथा लागतो. तो आपल्याच शेतांत पिकत असतां विकतचें निःसत्त्व खाऊन दुखणें ओढवून घेणें शहाणपणाचें नव्हे.

घरीं करावयाचे उपाय असे. ज्वारीची भाकर, न चाळलेल्या कणकेची पोळी, पालेभाजी, उसळ, पेरू हीं रोज असावींत. पाणी भरपूर प्यावें. इसबगोलाचा भुसा दोन चमचे, मोठा पेलाभर पाण्यांतून घ्यावा. पाणी कमी पडल्यास तो उलट अडथळा करतो. दिवसांतून दोन-तीनदां, विशेषतः शौचानंतर, पसरट टबांत सोसवेल इतकें कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटें बसावें. त्यानें स्नायु सैल होतो. मधुमेही माणसानें पाण्याची ऊब दुसऱ्याकडून पाहून घ्यावी, कारण त्यास चटका कळत नाहीं. वेग येतांच जावें, कुंथूं नये, फार वेळ बसून राहूं नये. बिब्बा, चुना किंवा कोणतीही दाहक वस्तु जखमेस लावूं नये. ताज्या चिरींपैकीं सुमारें निम्म्या एवढ्यानेंच भरून येतात.

सहा आठवडे उलटूनही त्रास राहिला, तर चीर जुनी झाली असें समजावें. तेव्हां तिच्या कडा कठीण होतात व बाहेर कातडीचा लहानसा कोंब येतो. त्यासच लोक मूळव्याधीचा मोड समजतात. अशा वेळीं डॉक्टर स्नायु सैल करणारें मलम देतात. नायट्रोग्लिसरीनच्या मलमानें डोकें दुखूं शकतें. डिल्टियाझेमच्या मलमानें तें कमी दुखतें. मलम सहा ते आठ आठवडे नेमानें लावावें लागतें. आराम पडतांच सोडल्यास चीर पुन्हां उघडते. हृदयाचीं वा इतर औषधें चालू असल्यास तीं आधीं सांगावीं. मलमानें गुण न आल्यास स्नायूंत बोटुलिनमचें इंजेक्शन देतात, अथवा त्या स्नायूचा थोडा भाग बाजूनें छेदतात. 1951 सालीं आयझेनहॅमर यांनीं ही शस्त्रक्रिया मांडली व 1969 सालीं नोटारस यांनीं ती सुधारली. शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी तिनें बरे होतात. मात्र कांहींना पुढें वायु रोखण्यास अडचण पडते, म्हणून ती शिकलेल्या शल्यवैद्याकडूनच करून घ्यावी. बाजारांतील पाटी पाहून 'बिनटांक्याचा उपाय' करणाऱ्याकडे जाऊं नये. वाशीम येथें जिल्हा रुग्णालय आहे; 2024 सालीं तेथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालें.

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. रक्त काळपट असेल, वेदनेशिवाय वारंवार पडत असेल, वजन घटत असेल, शौचाची संवय अकारण बदलली असेल, किंवा वय चाळिशीपुढें असून रक्त प्रथमच दिसलें असेल, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवूं नये. आंतड्याचा कर्करोगही प्रथम याच रूपानें दिसूं शकतो, आणि तो लवकर सांपडला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते. ताप येऊन तेथें सूज व ठणका असल्यास गळवाचा संशय धरून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

बैलाच्या खांद्यावर जूं घासून जखम झाली तर आपण त्यास औत लावीत नाहीं; आधीं औषध करतों. जी काळजी मुक्या जनावराची घेतों, तीच स्वतःच्या देहाची व घरांतील स्त्रियांची घ्यावी. वाचकांनीं हा विषय निदान घरांत तरी मोकळेपणानें काढावा, एवढीच आमची विनंती आहे.